चौथ्या सीटवरचं पाप

पाप करणाऱ्याचं कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पाप कबूल करणं, सोपं असतं. शिवी दिली असेल तर कुणाला दिली ते आठवतं. खोटं बोललो असेन तर ज्याच्याशी बोललो तो ते विसरू देत नाही. केलेल्या पापाला दिवस असतो, ठिकाण असतं, बहुतेक वेळा साक्षीदारही असतो. पंचाईत होते ती माझ्यासारख्या सज्जन माणसाची, ज्याने वर्षभर काहीच केलेलं नसतं.

आम्ही वसईचे कॅथलिक. ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत आला, झावळ्यांचा रविवार तोंडावर आला, की आमच्या चर्चमध्ये सामुदायिक प्रायश्चित्तविधी होतो. पापी फार आणि फादर एक, म्हणून आजूबाजूच्या धर्मग्रामांतले (पॅरिशांतले) फादर मदतीला येतात आणि चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यात बसतात. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी कन्फेशनसाठी जाळीची पेटी रूढ केली. पापी माणसाच्या अब्रूची एवढी काळजी त्यांच्याआधी कुणी केली नसेल. पण त्या दिवशी पेट्या पुरत नाहीत. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर फादर, आणि मागे रांगेत कान टवकारून उभी असलेली शेजारीण. त्यामुळे फादर निवडणं हीच खरी कला. ओळखीचे नकोत. नुकतेच सेमिनरीतून, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेतून, आलेले तर अजिबात नकोत, ते उत्साहाने मार्गदर्शन करतात. ज्यांना जरा कमी ऐकू येतं अशा वयस्कर फादरांची रांग दरवर्षी दारापर्यंत जाते.

१२१५ साली रोममधल्या लॅटरनच्या चौथ्या परिषदेने, म्हणजे बिशपांच्या बैठकीने, नियम केला की शहाण्यासुरत्या माणसाने वर्षातून निदान एकदा तरी पापनिवेदन करावं. आम्ही तो नियम तंतोतंत पाळतो. फक्त ‘निदान’ आणि ‘तरी’ तेवढं गाळतो.

रांगेत उभं राहून मी मनातल्या मनात बायबलमधल्या दहा आज्ञांची उजळणी करतो. खून केलेला नाही. चोरी नाही. व्यभिचार नाही, त्याला लागणारा वेळ आणि प्रकृती दोन्ही नाही. शेजाऱ्याच्या घराची हाव धरू नको म्हटलंय. शेजाऱ्याच्या घराला माझ्या घराहून जास्त गळती आहे, तेव्हा तीही नाही. नीट पाहिलं तर या दहा आज्ञांपैकी आठ ‘करू नको’च्या आहेत. ‘कर’ म्हणणाऱ्या दोनच, विसाव्याचा दिवस पाळ आणि आईबापाचा मान राख. म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत सोफ्यावर नुसता पडून राहणारा माणूस दहापैकी आठ गुणांनी पास होतो. शिवाय तो रविवार असेल तर नऊ.

असा मी जवळजवळ संत होऊन उभा असतो, आणि तेवढ्यात विधीची सुरुवात होते. सगळे मिळून कबुलीची प्रार्थना म्हणतात. विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केलं, इथपर्यंत माझा आवाज खणखणीत असतो. मग येतं ते चौथं. करायला हवं होतं ते न केल्याचं.

हे चौथं पाप पूर्वी प्रार्थनेत नव्हतं. माझी आजी लॅटिन मिस्सेच्या, म्हणजे चर्चची मुख्य उपासना लॅटिनमध्ये चालायची त्या काळातली. लॅटिनचा एक शब्द तिला कळत नव्हता, पण ‘मेआ कुल्पा’ (माझा अपराध) आलं की छातीवर तीनदा अशी मूठ मारायची की मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. त्या प्रार्थनेत विचार, शब्द आणि कृती एवढी तीनच खाती होती. व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली, तिच्यामागून १९७० साली नवं मिस्सापुस्तक निघालं आणि त्यात हे चौथं दाखल झालं. विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येऊन टेकतो, ‘जरा सरका’ म्हणतो आणि नालासोपारा येईपर्यंत सगळ्यांत जास्त जागा त्याचीच असते, तसं ते बसलं. आता बाकीची तिघं काठावर आहेत.

चर्चला हे पाप त्याआधी ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं काय ते कळतं आणि तरी जो ते करत नाही त्याला पाप लागतं, असं याकोबने बायबलमधल्या आपल्या पत्रात पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय. पण आजीच्या रोजच्या पाठात ते नव्हतं, आणि गंमत अशी की तिला ते पाप करायला सवडही नव्हती. गावात कुणी गेल्याची घंटा झाली की ती हातातला कोयता ठेवून निघायची. बाळंतिणीकडे जायची, आजाऱ्याकडे पेज घेऊन जायची, ज्याच्याशी भांडण होतं त्याच्याकडे तर आधी जायची. भांडायचं उरलेलं असेल तर तेही तिथेच उरकायची. आम्ही मात्र दर रविवारी न केल्याचं पाप मोठ्याने म्हणतो आणि सोमवारपासून पुन्हा मन लावून काहीच करत नाही.

माझ्या या खात्यात सगळ्यात मोठी थकबाकी आहे प्रार्थनांची. कुणीतरी ग्रुपवर लिहितं, ‘माझ्या सासऱ्यांची उद्या बायपास आहे, प्रार्थना असू द्या.’ मी ताबडतोब जोडलेल्या हातांचं चित्र टाकतो. खाली लिहितो, ‘नक्की प्रार्थना करतो.’ हे मी इतक्या तत्परतेने करतो की बऱ्याचदा पहिला असतो. मग कुकरची शिट्टी होते, किंवा रिक्षा येते, आणि सासरे माझ्या मनातून उतरतात. अशी किती माणसं मी जोडलेल्या हातांवर उधार ठेवली आहेत, देव जाणे. देवच जाणे, कारण हिशेब त्याच्याकडे आहे. रात्री झोपताना कधी आठवलं तर मी घाऊक पद्धतीने उरकतो: ‘प्रभो, ज्यांना ज्यांना हात पाठवले त्या सगळ्यांचं भलं कर.’ यात हॉस्पिटलमधले, परीक्षेतले, व्हिसा अडकलेले आणि ज्यांना मी चुकून वाढदिवसाच्या मेसेजलाही हात पाठवले, ते सगळे आले.

एवढ्यावर भागलं असतं. पण एके दिवशी ते बायपासवाले सासरे जावयाला घेऊन आमच्या दारात हजर. हातात पेढ्यांचा बॉक्स. म्हणाले, “तुमच्या प्रार्थनेनं वाचलो बघा.” मी ‘छे छे, देवाची कृपा’ म्हणालो. याहून खरं वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही. त्यांना तो विनय वाटला. पेढा तोंडात धरून मी उभा होतो. गिळावा तर पाप, थुंकावा तर फजिती. बायकोने तेवढ्यात आतून विचारलं, “तू कधी केलीस रे प्रार्थना?” तिच्या आवाजात नवल होतं. पेढा मलईचा होता. मी दुसराही खाल्ला.

मिस्सेत एकमेकांना शांती देण्याचा क्षण येतो, तिथेही माझं एक तंत्र आहे. आमच्या बाजूच्या वाडीवाल्याशी कुंपणावरून वाद आहे. तो नेमका दोन बाक सोडून बसतो. परदेशात म्हणे अशा वेळी हात मिळवतात. आपल्याकडे नमस्कार करतात, ही फार मोठी सोय आहे. हात एकाच माणसाशी मिळवावा लागतो, नमस्कार मात्र हवेत सोडता येतो. मी जोडलेले हात संथपणे डावीकडून उजवीकडे फिरवतो. वाडीवाल्यापाशी आले की ते थांबत नाहीत आणि पळतही नाहीत. त्याने घेतला तर त्याला मिळाला, नाही घेतला तर मी दिलाच नव्हता. तोही अगदी तसाच नमस्कार करतो. आम्ही दोघं एकाच फादरकडे धर्मशिक्षणाला होतो.

पूर्वी निमित्तंही भक्कम होती. हायवेवर अपघात दिसला आणि थांबलो नाही, तर ‘पोलिसांचं लफडं कोण मागे लावून घेणार’ हे उत्तर तयार असायचं आणि चर्चबाहेरचे लोकही मान डोलवायचे. २०१९ साली मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला आणि त्यात १३४ अ हे कलम आलं. जखमीला चांगल्या मनाने मदत करताना चूक झाली तरी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे आपलं नाव सांगायचीही सक्ती नाही. इंग्रजी कायद्यात अशा माणसाला ‘गुड समॅरिटन’च म्हटलंय. येशूच्या दाखल्यातला, वाटेत पडलेल्या जखमीला उचलणारा चांगला शोमरोनी थेट भारताच्या राजपत्रात! अभिमान वाटायला हवा. मला आधी वाटलं की एक चांगलं निमित्त गेलं. त्या दाखल्यात जखमीला पाहून बाजूने निघून गेलेले याजक आणि मंदिरसेवक लेवी, त्यांच्याबद्दल मला आतून सहानुभूती आहे. कोण जाणे, त्यांनाही पॅरिश कौन्सिलची मीटिंग असेल.

पण खरा घाम फुटतो तो बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय वाचला जातो तेव्हा. न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. डावीकडच्यांवरचे आरोप मी फार बारकाईने ऐकतो. त्यात खून नाही, दरोडा नाही, दारूसुद्धा नाही. भुकेल्याला दिलं नाही, तहानेल्याला दिलं नाही, परक्याला घरात घेतलं नाही, उघड्याला वस्त्र दिलं नाही, आजारी आणि कैदेत असलेल्याला भेटला नाहीत. संपला आरोप. शेरडं म्हणतात, प्रभो, तुला आम्ही असं केव्हा पाहिलं? माझ्या मते हा बचाव कायद्याच्या दृष्टीने चोख आहे, नोटीस मिळालेलीच नव्हती. तरी निकाल विरुद्ध जातो. चर्चने या सहांत मेलेल्याला मूठमाती देणं हे सातवं घालून दयेची सात शारीरिक कृत्यं केली. आमचं गाव सातव्यात पहिलं येईल. अंत्यविधीला आम्ही तोबा गर्दी करतो. तो माणूस अंथरुणात होता तेव्हा ही गर्दी कुठे होती, हे विचारायला तो उरलेला नसतो.

तर यंदा माझा नंबर आला. कमी ऐकू येणारे फादर आलेच नव्हते, त्यांना म्हणे नवं कानाचं मशीन बसवायचं होतं. समोर मधल्या वयाचे एक फादर. गुप्ततेचं बंधन त्यांना आहे, मला नाही, म्हणून सांगतो.

“फादर, मी काही केलं नाही.”

“मग आलास कशाला?”

“तेच सांगायला.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मी बायपास सांगितली, पेढे सांगितले, नमस्कार सांगितला. बायकोचे एक मामा नाताळाच्या आधी पडले, कमरेचं हाड मोडलं, आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहेत, आणि ‘एकदा जाऊन यायला हवं’ असं आम्ही दर रविवारी जेवताना न चुकता म्हणतो, हेही सांगितलं.

फादर म्हणाले, “तुझं प्रायश्चित्त एवढंच. आज त्यांना भेटून ये.”

“त्यापेक्षा एक अख्खी रोझरीची माळ म्हटली तर?”

“नाही.”

“पाच?”

फादर हसले नाहीत. मागच्या शेजारणीचं हसू मात्र ऐकू आलं.

गेलो. मामा मॅच बघत होते. त्यांनी हात वर करून मला बसायला सांगितलं, म्हणजे टीव्हीच्या आडून बाजूला व्हायला सांगितलं. मामींनी चहा आणला. मला वाटत होतं की न करण्याच्या पापाला साक्षीदार नसतो. तो मामींच्या रूपाने समोर मोड्यावर बसला होता. आत्तापर्यंत कोण आलं नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. आलेल्यांपैकी एकाचंही नाव त्यांनी घेतलं नाही. न आलेले मात्र घरागणिक, नात्याच्या क्रमाने, ‘फोन तरी केला का’ आणि ‘फोनही नाही’ अशा दोन गटांत. बोरोमेओंच्या पेटीत बसून अख्ख्या गावाचं कन्फेशन या बाईंनी एकटीने घेतलं असतं.

“तुझं नाव आज यादीतून काढलं हो,” त्या म्हणाल्या. मला खरंच हलकं वाटलं, फादरांच्या आशीर्वादानंतर वाटलं होतं त्याहून थोडं जास्तच.

“आणि आपले फादर,” मामींनी बशी खाली ठेवली, “तेही अजून फिरकलेले नाहीत. तू तिकडे कमिटीत आहेस ना? त्यांना सांग.”

सांगतो म्हणालो. जोडलेल्या हातांसकट म्हणालो. पण फादरांना हे कन्फेशनमध्ये सांगायचं की ऑफिसात, आणि कुठल्या रांगेत उभं राहून, हे मला कुणी सांगेल का?