धाकटं येण्याआधी थोरलीची तयारी

घरात दुसरं बाळ येणार असेल तर ही बातमी पहिल्याला सगळ्यांत शेवटी कळायला हवी. आधी दोन्हीकडच्या आज्या, मग आत्या-मावश्या, सोसायटीच्या ग्रुपमधल्या दोन-तीन विश्वासू बायका, पोळ्यांना येणाऱ्या ताई. यांच्यापैकी कोणीतरी लिफ्टमध्ये तुमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीचा गालगुच्चा घेऊन "काय गं, आता तुझे लाड संपले हां!" असं म्हणेपर्यंत धीर धरा. तुम्ही स्वतः सांगायला बसलात तर पुढच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतील. लिफ्टमधल्या काकूंना ती द्यावी लागत नाहीत, त्यांचा मजला येतो.

बातमी फुटली की दुसऱ्या दिवसापासून "तुला भाऊ हवाय की बहीण?" हे सुरू करा. यातलं काहीच तिच्या हातात नाही, हे तिला सांगू नका. सोनोग्राफीच्या दवाखान्यात गर्भलिंगनिदान हा गुन्हा असल्याची पाटी लावलेली असते. १९९४ चा कायदा आहे, पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. डॉक्टर बिचारे पडद्याकडे बघत गप्प बसतात. पण लहान मुलाच्या तोंडून देव बोलतो, आणि देवाला हा कायदा लागू नाही. म्हणून आजीने पोरीला मांडीवर घ्यावं आणि फौजदाराच्या चिकाटीने विचारत राहावं. पोरगी हुशार असेल तर (पुण्यातली प्रत्येक पोरगी हुशारच असते, तिच्या आईला विचारा) आठवड्याभरात तिच्या लक्षात येतं की आजीकडे "भाऊ" म्हटलं की चॉकलेट मिळतं आणि आत्याकडे "बहीण" म्हटलं की. ती दोन्हीकडे बरोबर उत्तर देईल. या जबान्यांवर घरात पैजा लावा.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण, आणि तेही हॉल घेऊन. आईला हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, फोटोपुरता हातात धनुष्यबाण. मुलीला मागच्या दिवाळीचं परकर-पोलकं, जे आता काखेत काचतं. दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवतात, आई एक वाटी उचलते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्या बायका मान पुढे काढून बघत असताना वाटीखाली काहीच निघालं नाही, तर गडबडू नका. पोरगी टेबलाखाली आहे आणि तिचं तोंड भरलेलं आहे. तिने आधी पेढा खाल्ला की बर्फी, हे तिचा जबडा उघडून तपासणारी एखादी मावशी प्रत्येक घरात असतेच. तिला अडवू नका.

आता मुख्य विषय. बाळ येतं कुठून? याचं उत्तर चुकूनही एकमेकांशी बोलून ठरवू नका. बाबाने सांगावं, दवाखान्यातून आणायचं. आजीने सांगावं, देवबाप्पा देतो. आईने खरं सांगावं, की माझ्या पोटात आहे, त्यावर ती "तू खाल्लंस का त्याला?" असं विचारेल, तेव्हा फोन आल्याचं दाखवून उठावं. आणि आजोबांनी, म्हणजे घरातल्या ज्या माणसाला आपण फार विनोदी आहोत असं वाटतं त्याने, सांगावं की "तुला नाही का बोहारणीकडून घेतलं, दोन जुन्या साड्या देऊन!" हा विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि तो ऐकून हसलेलं मूल निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. तरी तो करायचाच. घराण्याची रीत असते एकेक.

मग नेमक्या त्याच आठवड्यात माळ्यावरची ट्रंक काढा. आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या पलंगावर पसरा, कारण बाळाची दुपटी आणि लंगोट जुन्या सुती कापडाचेच हवेत, नवं कापड कोवळ्या अंगाला घासतं. आजी कात्री घेऊन बसली आहे. जांभळी बाजूला, किनार विरलेली बाजूला, "ही माझ्या मंगळागौरीची, ही नको" म्हणून एक परत ट्रंकेत. मुलगी दारात उभी राहून मोजते आहे. तिचा हिशेब सरळ आहे. मूल जुन्या साड्यांवर मिळतं. साड्या निघाल्या आहेत. म्हणजे सौदा ठरला. आता साड्या कमी पडल्या तर वर काय देणार, एवढाच प्रश्न उरतो, आणि घरात वर देण्यासारखं दुसरं कोण आहे हे तिला दिसतंच आहे. त्या दुपारी खालून बोहारणीची आरोळी आली की ती पलंगाखाली जाऊन बसते. तिला तिथून पायाला धरून बाहेर ओढा आणि आलेल्या पाहुण्यांना सांगा, "हल्ली फार विचित्र वागायला लागलीये हो. आत्तापासूनच हेवा करते."

"कधी येणार बाळ?" हा प्रश्न ती रोज सकाळी दात घासताना विचारेल. डॉक्टरांची तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढलेली असते, आणि बरोबर त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. म्हणजे मोठ्यांनाही ती नीट ठाऊक नसते. पण साडेतीन वर्षांच्या जिवाला "उद्या" आणि "दोन महिन्यांनी" यांतला फरक कळत नाही, त्यामुळे तिला एकदम पक्का वायदा करा: गणपती गेले की बाळ येणार. घरचा दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून ती पाळण्यापाशी जाऊन उभी राहील. तेव्हा म्हणा, अजून मंडळांचे राहिलेत. अनंत चतुर्दशीला खांद्यावर बसवून तिला लक्ष्मी रोडवर न्या. कसबा गेला, तांबडी जोगेश्वरी गेली, मानाचे पाचही गेले, ती तुमच्या डोक्यावर वाकून विचारेल, "आता?" तिला सांगा, अजून मागे आहेत. आपल्याकडची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, एवढी सवलत दुसऱ्या गावच्या आईबापांना नाही. ती संपली की नवरात्र आहेच.

मधल्या काळात तिला मोठी करून टाका. सावकाश नव्हे, एका आठवड्यात. सोमवारी दुधाची बाटली बंद, मंगळवारी झोप आजीच्या खोलीत, बुधवारी तिचा जुना पाळणा रंगवून दुसऱ्याच्या नावाने उभा. बालरोगतज्ज्ञ सांगतात की असले बदल बाळ यायच्या बरेच महिने आधी करा, नाहीतर नंतर सवडीने करा. तज्ज्ञांचं काय जातं, पाळणा त्यांच्या घरात थोडाच लावायचाय! मग सुटलेली सवय परत येते, गादी ओली होते, स्पष्ट बोलणारी पोर बोबडं बोलायला लागते. हे बहुतेक मुलांचं होतं आणि कोणी मनावर घेतलं नाही तर आपोआप जातं. रागावलं तर मात्र चांगलं टिकतं. तेव्हा "एवढी घोडी झालीस, आता ताई होणार तू!" हे चारचौघांत, मोठ्या आवाजात. रात्री मात्र "तू अजून लहान आहेस, झोप" असं म्हणून साडेआठला दिवा घालवा.

बाळाचे गुण तिला आधीच वर्णून ठेवा. बाळ आलं की तुझ्याशी खेळेल, तुझ्याबरोबर भातुकली मांडेल, पेशवे पार्कात १९५६ पासून गोल गोल फिरणाऱ्या फुलराणीत तुम्ही दोघं शेजारी बसाल. ती तुळशीबागेतल्या भातुकलीतली दोन ताटं घासून-पुसून ठेवेल, एकात चुरमुरे, एकात शेंगदाणे. नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं, त्याला वीतभर अंतरापलीकडचं धूसर दिसतं, ओळखून हसायलाच दीड महिना लागतो आणि पहिले सहा महिने त्याला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं, असल्या रटाळ माहितीने तिचा हिरमोड करू नका. ती शेंगदाणा घेऊन पाळण्यात वाकेल तेव्हा सगळ्यांनी एकदम किंचाळा. त्यातून ती शिकेल.

प्रत्यक्ष बाळंतपणाला आईने रात्री मूल झोपलेलं असताना निघावं. निरोप घेऊ नये, रडारड होते. सकाळी सांगा, आई लक्ष्मी रोडला गेलीये. लक्ष्मी रोडवरून बाई तीन दिवस परत येत नाही यावर मुलीचा सहज विश्वास बसतो, मावशीच्या लग्नाच्या वेळी तिने पाहिलंय ते. दवाखान्यात बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नसतो, तेव्हा तिला खालच्या पायऱ्यांवर काकांबरोबर थांबवा आणि वरून बाळाचा फोटो पाठवा. आईचा नको. आई कुठे आहे एवढंच तिला विचारायचं असतं, पण बाळ किती गोड आहे हे सांगितल्याशिवाय फोन तिच्या हातात देऊ नका.

घरी आल्यावर झबली, टोपडी, वाळे, बाळंतविडा घेऊन माणसं येतील. थोरलीसाठी काही आणलेला पाहुणा विरळा, पण आलाच तर ते कपाटात वर ठेवा, वाढदिवसाला होईल. तिच्यासाठी तीन नियम पुरेत. हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही, आतल्या खोलीत जायचं नाही. बाकी ताई म्हणून तिचा मान मोठाच आहे.

पाचव्या दिवशी पाचवी पुजा, काही घरांत सहावा दिवस धरतात. पाटा-वरवंटा मांडून शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. सकाळी उठून बघाल तर कागद वरपासून खालपर्यंत भरलेला असेल, लाल आणि निळ्या खडूने. सटवाई खडू वापरत नाही, एवढ्यावरून काय ते ओळखा. आजी कपाळाला हात लावेल. चित्रात घर आहे, आई आहे, बाबा आहे, आजोबा आहेत, डोक्यावर पाटी घेतलेली बोहारीणसुद्धा आहे. बाळ नाही. तिला समोर उभी करा आणि सगळ्यांच्या देखत विचारा, "यात बाळ कुठाय गं?"

"आतल्या खोलीत," ती म्हणेल. "तिथे मी जायचं नाहीये."