फेस वाळेपर्यंत

पतसंस्थेत हिशेब बघणाऱ्या माणसानं सलूनमध्ये आपला धंदा सांगू नये. लोकांना वाटतं, ह्याला आकडे कळतात म्हणजे कुठलेही कळत असणार. सोनेतारण कळतं, तर हॉलिवूड का नाही? कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या सलूनमध्ये मी खुर्चीत टेकलो, गळ्याभोवती कापड आवळलं गेलं, गालांवर फेस चढला आणि तोंड उघडायची सोय संपली, की पाठीमागच्या बाकावरनं प्रश्न येतो, "काका, पिक्चरचा गल्ला वर्ल्डवाइड धरायचा का डोमेस्टिक?"

पूर्वी या बाकावर फुटबॉल चालायचा. पाटाकडील आणि दिलबहार यांची मॅच शाहू स्टेडियमवर एका संध्याकाळी संपायची, सलूनमध्ये ती पुढचा सीझन येईपर्यंत सुरू असायची. त्यात मला कुणी काही विचारत नव्हतं. सुखाचे दिवस. आता भांडण मार्व्हल आणि डीसी या सुपरहिरोंचे सिनेमे काढणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्यांचं आहे, आणि तेही सिनेमा चांगला का वाईट यावर नाही. सिनेमा चांगला का वाईट हे ठरवायला तो बघावा लागतो. गल्ला किती झाला हे मात्र कुणालाही सांगता येतं.

सलूनवाला डीसीचा. आरशाच्या डाव्या कोपऱ्यात शाहू महाराज, उजव्या कोपऱ्यात बॅटमॅनचं स्टिकर आणि मधे गिऱ्हाईक. मार्व्हलची बाजू आमच्या गल्लीतला एक इंजिनिअरिंगचा पोरगा लढवतो. तो केस कापायला येतो अशी समजूत आहे. त्याला खुर्चीत बसलेला मी पाहिलेला नाही. कॉलेजात त्याचे दोन विषय अडकलेत, पण 'आयर्नमॅन'पासून आजवर कुठला सिनेमा कुठल्या शुक्रवारी लागला आणि सोमवारी किती घसरला, हे त्याला झोपेतनं उठवून विचारा.

गेल्या रविवारी विषय निघाला तो 'अवतार'वरनं. वास्तविक त्यात सुपरहिरोच नाही. निळी माणसं आहेत आणि झाडं आहेत. पण जगात सगळ्यांत मोठा गल्ला त्याचा. २०१९ च्या जुलैत मार्व्हलच्या 'अॅव्हेंजर्स: एंडगेम'नं त्याला मागं टाकलं आणि २०२१ च्या मार्चमध्ये चीनमध्ये 'अवतार' पुन्हा लावल्यावर तो परत वर जाऊन बसला. मार्व्हलला पाडलं एवढ्या एका पुण्याईवर आमच्या सलूनवाल्यानं निळ्या माणसांना डीसीत सामील करून घेतलंय. त्या मार्चमध्ये त्यानं पेढेही वाटले होते. मला वाटलं, मुलगा झाला. "न्हाई काका, मार्व्हल दोन नंबरला गेलं!"

"रिरिलीज धरायचंच नाही," पोरगा बाकावरनं म्हणाला. "पहिल्या फटक्यात जमलं नाही, मग केटी देऊन पास झालं ते."

"त्यातलं तुला बरं कळतंय," सलूनवाला म्हणाला.

सलून हसलं. पोरगा लाल झाला आणि मोबाइल काढून माझ्याकडं वळला. "काका, एंडगेमचे २.७९ अब्ज डॉलर. रुपयात करा."

आता इथं गप्प बसायचं. पण बेरीज-गुणाकार अर्धवट पडलेला दिसला की आमच्यासारख्यांचा हात शिवशिवतो. फेस न हलवता मी ओठांच्या कडेनं विचारलं, "कुठल्या दिवसाचा भाव धरायचा?"

२.७९ अब्ज म्हणजे २७९ कोटी डॉलर. २०१९ साली डॉलर सत्तरच्या आसपास होता, म्हणजे साडेएकोणीस हजार कोटी रुपये. 'अवतार' २००९ च्या डिसेंबरात लागला. पहिल्या वेळची त्याची कमाई जवळपास तेवढीच, एंडगेमच्या केसभर मागं. पण तेव्हा डॉलर मिळायचा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला. म्हणजे तेरा हजार कोटींच्या घरात. मागाहून चीनमध्ये आणि इतरत्र जे काही जमलं ते वर टाकलं, तरी साडेएकोणीसपर्यंत पोचत नाही.

पोरगा बाकावरनं उठून उभाच राहिला. "रुपयात एंडगेम एक नंबर! काकांनी सांगितलं!"

काकांनी फक्त गुणाकार केला होता.

"रुपाया पडला म्हणून तुझा पिच्चर जिंकला व्हय रं?" सलूनवाला गरजला, आणि त्याचा उस्तरा माझ्या गळ्याच्या घाटीवर होता.

या उस्तऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. सलूनवाला नवीन ब्लेड कागदासकट बोटांत धरतो, मधोमध कट्कन मोडतो, अर्धं उस्तऱ्यात सरकवतो, अर्धं आरशाखालच्या फळीवर तुरटीच्या खड्याशेजारी ठेवतो. इथपर्यंत त्याच्यासारखा हात कोल्हापुरात नाही. पण वाद रंगला की तो उस्तऱ्यानंच बोलतो. मुद्दा सुचला की उस्तरा वर जातो, मुद्दा पटवायचा असला की खाली येतो, आणि कुठं येईल ते मुद्द्यावर अवलंबून. मी त्याचं कुठलंच म्हणणं आजवर खोडलेलं नाही. उजवा गाल तेवढा झाला होता. डाव्या गालावरचा फेस वाळायला लागला होता. कानाजवळ तो ताठतो आणि हसलं की तडकतो. त्यामुळे सगळं सलून हसत असताना मी एकटा शोकसभेला आल्यासारखा बसलेलो.

डीसीची बाजू मात्र त्यानं झकास मांडली. "'डार्क नाइट' २००८ ला आला, शंभर कोटी डॉलर केलं. तवा तुमचं मार्व्हल रांगत हुतं. आन् 'जोकर'? खर्च सात कोटी डॉलर म्हना, गल्ला शंभर कोटीच्या वर. ना उडायचं, ना गाड्या फेकायच्या. एक मानूस नुस्ता हसतोय. ह्याला धंदा म्हंत्यात!"

"आणि 'जस्टिस लीग'?" पोरगा गोड आवाजात म्हणाला.

उस्तरा थांबला. सलूनवाल्यानं आधी बॅटमॅनकडं बघितलं, मग शाहू महाराजांकडं. हा सिनेमा २०१७ चा. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, घरातली सगळी कर्ती माणसं एकाच वेळी कामाला लावलेली. खर्च तीस कोटी डॉलरच्या आसपास, गल्ला सहासष्ट कोटींच्या आसपास, आणि तोटा. "मधेच डायरेक्टर बदलला हुता," तो हळू आवाजात म्हणाला. ते खरंही आहे. मग त्यानं मान वर केली. "तुमच्या 'मार्व्हल्स'चं काय झालं ते सांग की."

आता खाली बघायची पाळी पोराची. 'द मार्व्हल्स' २०२३ चा, वीस कोटी डॉलरवर आटोपला. या मालिकेतला सगळ्यांत कमी गल्ला. त्याच वर्षी डीसीचा 'फ्लॅश'ही आपटला. २०२३ साली दोन्ही घरांत एकदम सुतक होतं, तेव्हा सलूनमध्ये कशी शांतता असायची. दाढी दहा मिनिटांत व्हायची.

इतका वेळ कोपऱ्यात एक मामा बसले होते. वडणगेच्या बाजूचे, धोतर, टोपी गुडघ्यावर. ते कुणाच्याच बाजूचे नव्हते. त्यांना फक्त दाढी हवी होती. ते म्हणाले, "मला एक सांगा. तीस कोटी घातलं, सहासष्ट कोटी आलं. मग तोटा कसा?"

प्रश्न रास्त होता आणि सगळं सलून माझ्याकडं बघत होतं. मी नॅपकिननं ओठांपुरता फेस पुसला. म्हटलं, मामा, सहासष्ट कोटी हे तिकीटबारीवर जमले. त्यातले साधारण निम्मे थेटरवाल्याचे. चीनमधनं आले असतील, तर निर्मात्याच्या हाती चार आण्यांहून फारसं काही लागत नाही. आणि खर्च तीस कोटी म्हणतात तो फक्त सिनेमा बनवायचा. जाहिरातीचा वेगळा, तो आकड्यात सांगत नाहीत. म्हणून या धंद्यातले लोक ढोबळ धरतात की खर्चाच्या अडीचपट गल्ला झाला तर कुठं पैसे सुटले. आपल्याकडं आणखी एक कात्री. शंभर रुपयांवरच्या तिकिटात अठरा टक्के जीएसटी. तो धरून ग्रॉस, तो काढून नेट, आणि त्यातनं थेटरचं गेलं की उरेल तो शेअर.

मामांनी टोपी डोक्यावर घातली. "असं सरळ सांगा की! कारखाना उसाचा दर काढतोय, पेपरात छापून येतंय, आमी खूश. मग तोडनी वजा, वाहतूक वजा, आन् खात्यावर पडतंय त्ये निराळंच. हे पिच्चरवालं उसाच्या एफआरपीच्या दरावरच चाललंय म्हना."

मी गेली कित्येक वर्षं पतसंस्थेच्या नव्या पोरांना ग्रॉस आणि नेट समजावतोय, इतकं स्वच्छ मला जमलेलं नाही. पण मामा थांबणाऱ्यातले नव्हते. ऊस घालणारा माणूस कुठलाही आकडा ऐकला की पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो.

"काटा कुनाचा?"

"म्हणजे?" पोरगा म्हणाला.

"ह्यो आकडा मोजतंय कोन?"

पोरगा उत्साहानं सांगायला लागला, की अमेरिकेत रविवार संपायच्या आतच स्टुडिओ रविवारचा अंदाज जाहीर करतात, मग सोमवारी पक्का आकडा येतो. आणि आपल्याकडं?

"आपल्याकडं... प्रोड्यूसर पोस्टर टाकतो. इतके इतके कोटी म्हणून."

"म्हंजे काटा कारखान्याचाच," मामा म्हणाले, आणि त्यांनी टोपी परत गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या दृष्टीनं चर्चा संपली होती.

मार्व्हल आणि डीसी दोघेही थोडे हादरले. इतकी वर्षं ज्या आकड्यांवर एकमेकांच्या उरावर बसलो, त्यांचं वजनच कुणी करून बघितलं नव्हतं. सलूनवाल्यानं माझ्या वाळलेल्या गालावर उगीच पाण्याचा फवारा मारला. तेवढ्यात मामांनी सहज, टाइमपास म्हणून विचारावं तसं विचारलं, "तुमी कितीला तिकीट काढलंतासा?"

कुणी बोलेना. पंखा तेवढा फिरत होता.

'जोकर' सलूनवाल्यानं मोबाइलवर बघितला होता. कुणीतरी पाठवलेला. मधेच पडद्यासमोरनं एक माणूस मुतारीला जातो आणि परत येतो, तोही त्यात आहे. किती दिवस सलूनवाल्याला तो सिनेमातलाच वाटायचा. 'डार्क नाइट' केबलवर. 'जस्टिस लीग' त्यानं बघितलेलाच नाही, वाईट वाटेल म्हणून. आणि पोरानं? "लॅपटॉपवर," तो म्हणाला. "पण प्रिंट एकदम क्लिअर होता."

एंडगेमचं तिकीट काढून थेटरात गेलेला या सलूनमधला एकमेव माणूस मी निघालो. पुतण्याला सुट्टी लागली होती, त्याच्या हट्टापायी गेलो. तीन तासांचा सिनेमा, थंडगार एसी. मी मध्यंतरानंतर छान झोपलो. कुणी मेलं म्हणून पुतण्या रडायला लागला तेव्हा जागा झालो, आणि जवळचं कुणीतरी गेलं असं समजून त्याच्याबरोबर डोळे पुसले. सांगायचं म्हणजे, त्या साडेएकोणीस हजार कोटींत आमच्या सलूनचा वाटा आमच्या दोन तिकिटांचा. तोही जीएसटी काढून आणि निम्मा थेटरात ठेवून.

मामांनी निकाल दिला. "म्हंजे ऊस काकांचा, आन् आंदोलन तुमचं."

इथं खरं तर दाढी व्हायला हवी होती. सलूनवाल्यानं नवा फेस केलाही. पण खुर्चीमागं पेपर वाचत बसलेले गुरुजी निवृत्त झाल्यापासून कुठल्याही चर्चेत शेवटी पडतात. त्यांनी पेपर खाली घेतला आणि विचारलं, "महागाई धरली का?"

माझ्या पोटात गोळा आला.

"महागाई धरली," गुरुजी म्हणाले, "तर तुमचा अवतारही नाही आणि एंडगेमही नाही. १९३९ सालचा एक अमेरिकन सिनेमा पहिला येतो."

दोघांनीही एका दमात विचारलं, "मार्व्हलचा का डीसीचा?"

"कुणाचाच नाही. त्यांच्या यादवी युद्धाच्या काळातली प्रेमकथा आहे."

"मग धरायचा न्हाई," सलूनवाला म्हणाला. "मुळीच धरायचा नाही," पोरगा म्हणाला. या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

गुरुजी चिडले. तुम्हाला परकं सगळं गोड, म्हणाले. हाकेच्या अंतरावर खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथं गाड्या लावता, तो कशाचा आहे ते ठाऊक आहे का? बाबूराव पेंटरांनी या गावात आपल्या हातानं कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. कीचकवध इतका हुबेहूब, की त्याला कात्री लावावी लागली. "कुठली केप नाही, कुठला मुखवटा नाही. आपला भीम!"

सलूनवाल्याचा उस्तरा सावकाश वर गेला. "गुरुजी, भीम तवा विराटाच्या घरात आचारी हुता न्हवं? दिवसभर स्वैपाक. कुनाला वळख न्हाई. आन् रातच्याला अंधारात, येश बदलून, वैऱ्याला गाठतोय." तो स्टिकरकडं वळला. "ह्यो बॅटमॅनच की!"

"काय बॅटमॅन?" पोरगा उसळला. "बॅटमॅनकडं गाडी आहे, पैसा आहे. भीमानं नुसत्या हातानं गोळा केला त्याचा. चिडला की आवरत नाही, खायला लागला की आवरत नाही. हा सरळ सरळ आमचा हल्क आहे!"

"केस कापून घे आधी, केस! शंभर वर्षांपूर्वी हल्क कुटला?"

"मग बॅटमॅन तरी कुठला?"

"काका, तुमी सांगा."

"हो, काकाच सांगतील."

मी डाव्या गालाकडं बोट दाखवलं. सलूनवाल्याला वाटलं, मी डाव्या बाजूच्या माणसाला पाठिंबा देतोय. त्या बाजूला पोरगा उभा होता, म्हणून त्यानं उस्तरा खाली ठेवून कमरेवर हात घेतले आणि माझ्यावर रागावला. मामांनी एसटीची वेळ बघितली, धोतर झाडलं, उठले आणि दारात थांबून म्हणाले, "त्यो कुनाचा का असंना. भीमाच्या खात्यावर किती पडलं ते सांगा."