मीठ न घातलेला भात

करेज्मचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा, दुसरा आठवडा. स्विंडनच्या गोदामातली रात्रपाळी आटपून खोलीवर आलो, तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभरावर मेसेज. वाद कपेलाच्या, म्हणजे वाड्यावरच्या छोट्या देवळीच्या, फेस्ताचा, तिथल्या सणाचा. फेस्त करण्याचा मान आमच्या वाड्यावर ठरावीक घरांतच फिरतो. यंदा तो बाहेरून येऊन तीस वर्षं राहिलेल्या एका कुटुंबाने मागितला. चुलतभावाने लिहिलं, "परंपरा शुद्ध राहिली पाहिजे."

गोव्यात हा शब्द जरा जपून वापरावा. पोर्तुगिजांना रक्त शुद्ध हवं होतं. १५६० साली आलेलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्म बिघडवणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं, आणि १७३६ च्या त्याच्या फर्मानात ख्रिस्ती घरांनी हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये, असंही एक कलम होतं. पुढे १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी ख्रिस्ती झालेल्या गावडा जमातीच्या लोकांना परत हिंदू करून घेतलं, त्या चळवळीचं नावच शुद्धी. म्हणजे जो आला तो आम्हाला धुवायलाच आला. आणि इतकं धुऊनही बामण, चार्दो, सुदीर हे जातींचे डाग काही निघाले नाहीत. काही गावांत कोंफ्रारियात, म्हणजे चर्चच्या मानाच्या मंडळात, कोणाला घ्यायचं हे त्यावरूनच ठरत आलं.

मी पेडण्याकडचा, मराठी शाळेतला. गोव्यातल्या रायतूरला १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण हे ओवीबद्ध मराठी काव्य छापणाऱ्या फादर स्टीफन्सने मराठीला चोखळ, म्हणजे निर्मळ, म्हटलं, हे गुरुजी छाती फुगवून सांगायचे. त्याच्या त्या चोखळ मराठीत कोंकणी शब्द ठायी ठायी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. (तो इंग्रज गोव्यात येऊन ओव्या रचत बसला, मी गोव्याहून इंग्लंडात येऊन खोकी उचलतो.)

इथे आम्ही सहाजण एका घरात राहतो. पातेलं एकच. भात म्हापशाचा एक हिंदू मित्र लावतो, तोही मीठ न घालता. ज्याला हवं त्याने बरणीतून घ्यावं. म्हणून आम्ही फार उदार झालो, असं मात्र कोणी समजू नये. भाडं सहात वाटायचं तर जात परवडत नाही, एवढंच. सोयरिकीचा फोन आला की पहिला प्रश्न अजून तोच असतो: कोणाचा?

इंग्लंडच्या कॅथलिक बिशपांनी २०११ पासून वर्षभर शुक्रवारी मांस वर्ज्य केलंय. मी ते नेमाने पाळतो. गावी शुक्रवारी मटण सोडून इसवण (सुरमई) खायचो, त्याला त्याग म्हणायचो, त्यापेक्षा हे बरं. पण अशाच एका शुक्रवारी माझ्या हातून कपांचं खोकं पडलं. मी ते गुपचूप शेजारच्या लाइनवर सरकवलं. बोलणी खाल्ली एका म्हाताऱ्या नेपाळी माणसाने. मी मान खाली घालून स्कॅनर मारत राहिलो. संध्याकाळी खिमट (मऊ भात) आणि मासे जेवलो, तेर्सही (जपमाळेची प्रार्थना) म्हटला.

गावात असतो तर हे जमलं नसतं. तिथे भिंतीलाही डोळे असतात. त्या जाचाला मी कंटाळलो होतो, पण त्याने मला सरळही ठेवलं होतं. इथे कोण बघतो? पंधरा दिवसांनी कुमसाराला, पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला, गेलो. मी त्या शुक्रवारच्या खोक्यापासून सुरुवात केली. पाद्रीने मध्येच विचारलं, "त्या माणसाला सांगितलंस?" नव्हतं सांगितलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. तो काही बोलला नाही, डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. महिनाभर तिथेच बसत होता.

ग्रुपवर मी आधी बायबलातल्या मार्कचा सातवा अध्याय टाइप केला. न धुतल्या हातांनी जेवणाऱ्या शिष्यांवरून झालेला वाद, आणि माणसाला विटाळतं ते आत जाणारं नव्हे, आतून बाहेर पडणारं, हे येशूचं उत्तर. मग पुसून टाकला. सातासमुद्रापलीकडे बसून प्रवचन झोडणं सोपं असतं. कपेलाची रंगरंगोटी चुलतभावच करतो. लिहिलं एवढंच: माझी यंदाची वर्गणी त्या नव्या घराच्या नावावर धरा.

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. रात्री मांयचा फोन आला, फेस्ताविषयी एक शब्द न काढता तिने विचारलं, "भात कोणी लावला आज?"