नॉम पेन्हच्या फुटपाथवरची कॉफी

कंबोडिया पाहून आलेल्या दोन परिचितांच्या पोस्ट या आठवड्यात वाचल्या. दोघांनीही राजधानी नॉम पेन्हमधल्या वातानुकूलित कॅफेंचे भरभरून कौतुक केले आहे आणि रस्त्यावरच्या कॉफीची मात्र ‘अती कडू आणि अती गोड’ एवढ्या शब्दांत बोळवण केली आहे. त्या शहरात मी नोकरीनिमित्त दोन वर्षे राहिलो आणि माझ्या बहुतेक सकाळी त्या फुटपाथवरच गेल्या, त्यामुळे ही बोळवण मनाला लागली.

सकाळी सहाच्या आत फुटपाथवरची ही कॉफीची दुकाने माणसांनी भरलेली असतात. बुटकी टेबले, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर टीव्ही, एवढाच सरंजाम असतो. कापडाच्या लांब पिशवीत कॉफीची पूड घालून त्यावर उकळते पाणी ओतले जाते आणि खाली उतरणारा काळाभोर अर्क बर्फाने भरलेल्या ग्लासात पडतो. शेजारच्या गाडीवरून भात आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाची बशी किंवा नूडल्सचे सूप येते. ग्लास रिकामा झाला तरी कोणी उठत नाही आणि उठावे, अशी मालकाचीही अपेक्षा नसते. टेबलावर बिनपैशाच्या फिक्या चहाची किटली असते. ती संपली की दुसरी येते.

या बसण्याला ख्मेर भाषेत ‘अंकुय लेंग’ म्हणतात. अंकुय म्हणजे बसणे आणि लेंग म्हणजे खेळणे. आपल्याकडे ज्याला ‘रिकामटेकडे बसणे’ म्हणतात, त्याला त्या भाषेने खेळाच्या पंक्तीला बसवले आहे, हे मला फार मोलाचे वाटते. तिथे खरोखरचा खेळही चालतो. ख्मेर बुद्धिबळाला ‘ओक चत्रंग’ म्हणतात आणि त्यातला चतुरंग मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शनिवार-रविवारी टीव्हीवर ‘कुन ख्मेर’ची, म्हणजे तिथल्या मुष्टियुद्धाची लढत लागली की खुर्च्या अपुऱ्या पडतात.

आता चवीबद्दल. कॉफी या देशात फ्रेंचांबरोबर आली. 1863 ते 1953 अशी नव्वद वर्षे कंबोडिया त्यांच्या संरक्षणाखाली होता. मात्र फ्रेंचांची दुधाची कॉफी तिथल्या घरांत जशीच्या तशी उतरणे शक्य नव्हते. गाय-बैल होते, पण ते नांगराला जुंपण्यासाठी. दुभत्याची परंपरा नव्हती आणि त्या उष्ण हवेत ताजे दूध टिकतही नाही. डब्यातले गोड आटवलेले दूध टिकते. रोबुस्टा जातीच्या बिया जात्याच कडू, त्यात त्या काळपट होईपर्यंत आणि अनेकदा लोणी-साखर घालून भाजलेल्या, त्यामुळे तो कडूपणा पेलायला तितकाच दाट गोडवा लागतो. ग्लासाच्या तळाशी दूध, त्यावर कॉफी आणि मग बर्फ ही रचना त्या हवेने आणि त्या शेतीने घडवली आहे. तिला अडाणी चव म्हणणे अन्यायाचे आहे. तिचे नावही मला आवडते: ‘काफे तक-दोह-को तक-कक’. यातला ‘को’ म्हणजे गाय, आपल्या संस्कृत ‘गो’चाच भाऊबंद.

मात्र या दुकानांबद्दलचा माझा आदर चवीपुरता नाही. 17 एप्रिल 1975 रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी नॉम पेन्ह ताब्यात घेतले आणि काही दिवसांत सारे शहर रिकामे केले. पैसा रद्द झाला, बाजार बंद झाले, माणसांना सामुदायिक भोजनगृहांत जेवायला लावले गेले आणि एक अविचारी शब्द जिवावर बेतू लागला. जानेवारी 1979 मध्ये ती राजवट कोसळली आणि नवे रिएल चलन 1980 मध्ये आले. ज्या पिढीने चार माणसांत बोलण्याची भीती अनुभवली, त्या पिढीची माणसे आज सकाळी दोन-दोन तास टेबलाभोवती बसून जमिनीचे भाव, पाऊस आणि सोयरिकी यांवर बोलतात. माझ्या गल्लीतल्या दुकानात रोज येणारे साठीपलीकडचे गृहस्थ त्या वर्षांविषयी कधीच बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. त्यांची खुर्ची मात्र ठरलेली होती.

नव्या कॅफेंवर माझा राग नाही. फुटपाथवरच्या दुकानांत खुर्च्यांवर बहुतांश पुरुषच दिसतात, आणि तरुण मुलींना, विद्यार्थ्यांना निवांत बसायला जागा मिळाली ती या कॅफेंमुळेच. 2009 मध्ये नॉम पेन्हमध्ये सुरू झालेली ‘ब्राउन कॉफी’ ही साखळी स्थानिक तरुणांनीच उभी केली. मोंडुलकिरी आणि रतनकिरी या पूर्वेकडच्या डोंगराळ प्रांतांतली कॉफी आता प्रांताच्या नावाने विकली जाते, ही तर अभिमानाची गोष्ट आहे. (रतनकिरी म्हणजे रत्नांचा डोंगर, कोकणातल्या वाचकांनी हे नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे.)

तुम्ही कधी गेलात, तर तुअल तोम पूंगच्या बाजारात सकाळी लवकर जा. दुकानातल्या बाईंना ‘मिंग’, म्हणजे मावशी, अशी हाक मारा आणि काळी हवी असल्यास ‘काफे खमाव’ एवढेच सांगा. साधारण तीन हजार रिएल, म्हणजे पाऊण डॉलर, पुरेल. चहा न मागता येईल. तो संपेपर्यंत उठू नका.