जर्सी विकायला आणलेला लेफ्ट बॅक?

फुटबॉलच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. शब्द थोडेफार बदलतात, सूर तोच: "युतो नागातोमो म्हणजे मार्केटिंगचा खेळाडू. इंटर मिलानने त्याला जपानमध्ये जर्सी विकायला घेतलं. उंची 170 सेंटिमीटर, असल्या माणसाला बचावात कोण ठेवतं? आशिया चषकात एक क्रॉस लागला आणि नशीब उघडलं. इंटरमध्ये सात वर्षांत जिंकलं काय? 2022च्या विश्वचषकाला तर नुसतं ओरडायला नेला होता. बाकी जपानची अकादमीच अशी, कुणालाही घडवते." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

नागातोमो म्हणजे जपानचा लेफ्ट बॅक, बचावात डाव्या कडेला खेळणारा. मी इंटरचा, म्हणजे मिलान शहरातल्या त्या इटालियन क्लबचा, भक्त नाही. पण इटलीतले सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री सव्वा वाजता सुरू व्हायचे, त्या काळात डोळे चोळत यातले बरेच बघितलेत. म्हणून हा खटाटोप.

आधी जर्सीचं. जपानी खेळाडू घेतला की जपानी प्रेक्षक, जपानी पत्रकार, जपानी जाहिराती मागोमाग येतात, हे खरंच आहे आणि क्लबांना ते नको असतं असंही नाही. पण एका शर्टाच्या किमतीतला मोठा वाटा तो बनवणाऱ्या कंपनीकडे जातो, त्यामुळे शर्ट विकून खेळाडूचा खर्च निघतो हा हिशेब मुळातच कच्चा. तेही सोडून देऊ. शर्ट विकायला माणूस संघात असला की भागतं, मैदानात उतरवावा लागत नाही. नागातोमो जानेवारी 2011च्या शेवटच्या दिवशी इंटरमध्ये आला आणि जानेवारी 2018 मध्ये तुर्कस्तानच्या गलातासराय क्लबला गेला. या काळात दोनशेहून अधिक सामने खेळला. त्याला खेळवणारे प्रशिक्षक मोजा: लिओनार्दो, गास्पेरिनी, रानिएरी, स्ट्रामाचोनी, माझ्झारी, मान्चिनी, डी बोअर, पिओली, स्पालेटी. नऊ झाले, हंगामी माणूस वेगळा. मालकही बदलले: मोराटी गेले, इंडोनेशियाचे थोहिर आले, मग चीनची सुनिंग कंपनी. इतक्या वेळा घर बदलूनही भिंतीवरचं तेच कॅलेंडर कुणी जपून ठेवत नाही. आणि इंटरमध्ये प्रशिक्षकाची खुर्ची कशी असते ते या यादीवरूनच कळतं. ज्याची नोकरी पुढच्या तीन निकालांवर टांगलेली आहे, तो शर्टवाल्याच्या भल्यासाठी कच्चा लेफ्ट बॅक उतरवेल का?

क्लबने त्याच्या जागेवर माणसं आणली नाहीत असंही नाही. 2011 मध्ये जोनाथन, 2012 मध्ये अल्वारो पेरेरा, मग डॅम्ब्रोसिओ, डोडो, लोनवर अलेक्स तेलेस, अन्साल्डी, 2017 मध्ये दालबर्ट. कुणी उजवीकडचा, कुणी डावीकडचा, पण नागातोमो दोन्ही बाजूंना खेळायचा, म्हणजे हे सगळेच त्याचे प्रतिस्पर्धी. दर उन्हाळ्यात बातमी यायची की आता याचं संपलं, आणि हिवाळा येईपर्यंत हा परत अकरात. दालबर्टला घेतल्यावरही स्पालेटीने त्या शरद ऋतूत कितीतरी वेळा यालाच पुढे केलं.

यात सगळ्यात बोलकी गोष्ट डेव्हिडे सँटोनची. नागातोमो चेसेना या इटालियन क्लबातून इंटरला आला तेव्हा बदल्यात सँटोन चेसेनाला गेला. सँटोन म्हणजे इंटरच्या घरचा पोरगा, विशीही न ओलांडलेला, इटलीच्या बचावाचं भविष्य म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचे तो. पुढे तो इंग्लंडच्या न्यूकॅसलला गेला आणि 2015 मध्ये इंटरला परतला. परत येऊन बघतो तर ज्याच्या बदल्यात आपल्याला पाठवलं तो अजून तिथेच, आणि आता जागेसाठी त्याच्याशीच झगडायचं.

उंचीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. फुलबॅकचं, म्हणजे कडेच्या बचावपटूचं, काम सेंटर बॅकपेक्षा, म्हणजे मधल्या बचावपटूपेक्षा, वेगळं असतं. त्याला विंगरसमोर, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्यासमोर, एकटं उभं राहायचं असतं, चेंडू गेला की मागे पळायचं, मिळाला की पुढे पळायचं, आणि हे ऐंशीव्या मिनिटालाही पहिल्यासारखंच करायचं. रॉबर्टो कार्लोस 168 सेंटिमीटरचा, फिलिप लाम 170चा. रॉबर्टो कार्लोस तर 1995-96 मध्ये इंटरमध्येच होता आणि त्याला एका हंगामात रियाल माद्रिदला देऊन टाकल्याची हळहळ त्या क्लबला पुढे किती वर्षं पुरली! लांबच्या पोस्टवर उंच क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, आला की नागातोमो कमी पडायचा, हे मान्य. प्रतिस्पर्धी मुद्दाम तिकडे चेंडू टाकायचे. चुकाही केल्या. एप्रिल 2017 मध्ये नापोलीविरुद्ध चेंडू नीट बाहेर काढता आला नाही, कायेहोनने गोल केला आणि इंटर 0-1 हरलं. ती चूक त्याला बराच काळ ऐकवली गेली, आणि ऐकवायलाच हवी होती. पण ती चूक पायाची होती. उंचीचा तिथे काही संबंध नव्हता.

आता "एक क्रॉस लागला". कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं काहीसं मजकूर लिहिणाऱ्याच्या डोक्यात असावं. तारखा खरंच तशा आहेत: 29 जानेवारी 2011ला दोह्यात आशिया चषकाची अंतिम लढत, 31 जानेवारीला इंटर. पण तो क्रॉस कसा आला ते बघा. ऑस्ट्रेलियाचे उंच खेळाडू हवेतून चेंडू टाकून जपानला जेरीस आणत होते. प्रशिक्षक झॅकेरोनी यांनी इवामासा हा आणखी एक उंच बचावपटू मध्यभागी आणला, कोन्नोला डावीकडे सरकवलं आणि नागातोमोला एक जागा पुढे ढकललं. म्हणजे उंचीचा प्रश्न कसा सोडवायचा हे त्यांना कळत होतं, आणि बुटक्या फुलबॅकला बाहेर काढणं हे त्यांचं उत्तर नव्हतं. जादा वेळेत, 109व्या मिनिटाला, बाकीच्यांचे पाय जड झालेले असताना नागातोमो डावीकडून सुटला, क्रॉस टाकला आणि तादानारी लीने तो हवेतच मारला. 1-0.

शिवाय इंटरला तो त्या रात्री सापडला नव्हता. तो आधीच इटलीत होता. 2010 मध्ये चेसेना नुकतंच वरच्या श्रेणीत आलेलं, पहिला सामना रोमाच्या मैदानावर 0-0, मग घरच्या मैदानावर एसी मिलानला (इंटरचा शेजारी क्लब) 2-0 हरवलं, आणि या संघाचा लेफ्ट बॅक नागातोमो. त्याच्याही आधी, 14 जून 2010ला ब्लूमफाँटेनमध्ये जपान विरुद्ध कॅमेरून. सॅम्युएल एटू काही आठवड्यांपूर्वीच इंटरबरोबर लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग असं तिहेरी यश मिळवून आलेला. कॅमेरूनने त्याला उजव्या बाजूला खेळवलं, म्हणजे थेट नागातोमोसमोर. एटूला त्या दिवशी मोकळा श्वास घेता आला नाही, जपान होंडाच्या गोलवर 1-0 जिंकलं. आठ महिन्यांत दोघे एकाच ड्रेसिंग रूममध्ये होते. हा योगायोग असेलही, पण मला तरी जर्सीच्या दुकानापेक्षा हा धागा जास्त पटतो.

जिंकलं काय? पहिल्याच हंगामात कोपा इटालिया, म्हणजे इटलीचा कप. त्यानंतर इंटरमध्ये काही नाही, खरं आहे. 2012-13 मध्ये तर संघ नववा आला. तिहेरी यश मिळवणारा संघ म्हातारा होत गेला, पैसा आटला, प्रशिक्षक बदलत राहिले. तो दोष एका फुलबॅकच्या माथी मारायचा तर मग 2017-18 आणि 2018-19 अशी लागोपाठ दोन वर्षं गलातासरायने तुर्की लीग जिंकली, त्याचं श्रेयही त्यालाच द्या. मी दोन्ही करणार नाही.

2022. केस रंगवलेला, "ब्राव्हो! ब्राव्हो!" म्हणून कॅमेऱ्यात ओरडणारा 36 वर्षांचा नागातोमो सगळ्यांना आठवतो. कतारमध्ये जपानचे चार सामने झाले, चारही सामन्यांत तो सुरुवातीच्या अकरात होता, हे कमी लोकांना आठवतं. जपानचे प्रशिक्षक मोरियासू यांचा बेत साधा होता. पहिल्या टप्प्यात नागातोमोने डावी बाजू बंद ठेवायची, समोरच्याला पळवून दमवायचं आणि मग ताज्या दमाचा विंगर मितोमा आत. जर्मनीविरुद्ध हा बदल 57व्या मिनिटाला झाला, स्पेनविरुद्ध मध्यंतराला, क्रोएशियाविरुद्ध तासाभरानंतर. स्पेनविरुद्ध मितोमाने बाहेर जाता जाता रेषेवरून आत ओढलेला तो चेंडू जगभर गाजला. त्याच्या आधीची 45 मिनिटं कुणी पुन्हा बघत नाही, आणि नागातोमो होता तो त्या 45 मिनिटांत. तोवर चार विश्वचषक, 15 सामने. ओरडण्यासाठी इतके सामने कुणी देत नाही.

राहिली अकादमी. ज्या मजकुरात हा माणूस काहीच नाही, त्याच मजकुरात तो यंत्रणेचं अस्सल उत्पादनही आहे! नागातोमो एहिमे प्रांतातल्या साइजोचा. आईवडील वेगळे झाले, आईने एकटीने वाढवलं. शाळकरी वयात एहिमे एफसीच्या कनिष्ठ संघाच्या निवड चाचणीत तो नापास झाला. मग फुकुओकातली शाळा, मग मेइजी विद्यापीठ. तिथे मिडफिल्डरचा फुलबॅक झाला, पण पाठीच्या मणक्याच्या दुखण्याने मैदानाबाहेर बसला. त्या काळात विद्यापीठाच्या सामन्यांना प्रेक्षकांत उभा राहून तो ढोल बडवायचा, आणि म्हणे फार चांगला बडवायचा. एफसी टोकियोचा व्यावसायिक करार 2008चा, आणि त्याच मे महिन्यात कोत द'इव्हारविरुद्ध राष्ट्रीय संघात पदार्पण.