तुमच्या अमेरिकेत असं चालतं का?

"तुमच्या अमेरिकेत असं चालतं का?" हा प्रश्न दादाने मला गेल्या महिन्यात विचारला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. दादरला आमची जुनी चाळ पाडून टॉवर झाला, त्यात तो आणि माझी आई एकाच मजल्यावर राहतात. सोसायटीने ठराव केला आहे की गेटसमोरच्या फुटपाथवरचे भाजीवाले-फुलवाले हटवावेत आणि बसवायचेच असतील तर डोमिसाईल दाखवणाऱ्या मराठी माणसालाच बसू द्यावं. ठरावाचं पत्र दादाच्याच अक्षरातलं. मी घरच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं की फुटपाथ मोकळा हवा हे कबूल, पण त्याचा डोमिसाईलशी काय संबंध? त्यावर हे उत्तर आलं.

तर दादा, चालतं. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला राहतो. सकाळी सहाला सात नंबरच्या ट्रेनखाली, रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर, बायका कूलरमधून गरम तामाले विकत उभ्या असतात. 73व्या रस्त्यावर बांगलादेशी फुचकावाले, म्हणजे आपले पाणीपुरीवाले, जवळच नेपाळी-तिबेटी मोमोच्या गाड्या, आणि 82व्या रस्त्यापासून पुढे जंक्शन बुलेव्हार्डपर्यंत कापलेले आंबे, मोबाइलची कव्हरं, लहान मुलांचे कपडे. 2024च्या एका अभ्यासानुसार या शहरात अंदाजे 23 हजार फेरीवाले आहेत आणि त्यातले 96 टक्के दुसऱ्या देशात जन्मलेले. फेरीवाल्याच्या परवान्यासाठी इथे नागरिकत्वाची अट नाही. अटी आहेत त्या जागेच्या: इमारतीच्या दारापासून 20 फूट लांब, माणसांना चालायला 12 फूट मोकळी वाट. मला हे मनापासून पटतं. भांडण फुटपाथचं असेल तर टेप घेऊन फुटपाथ मोजा. बसणाऱ्याचं गाव कशाला विचारता?

दादरचा त्रास मला कळत नाही असं समजू नका. आईचे गुडघे गेलेत. फुटपाथवर टोपल्या असल्या की ती रस्त्यावर उतरते आणि मागून बेस्टची बस येते. 29 सप्टेंबर 2017ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर 23 माणसं चेंगरून मेली, तेव्हा मी इथे रात्रभर फोन लावत बसलो होतो, कारण तो पूल आमच्या घरातल्या तिघांचा रोजचा. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं सांगितलं, ते योग्यच होतं. पण टॉवरमध्ये आलेल्या नव्या मंडळींचं मला नवल वाटतं. भाजीवाला नको म्हणतात आणि दहा मिनिटांत कोथिंबीर मागवतात. ती आणणाऱ्या पोरांच्या पंधरा बाइक त्याच फुटपाथवर उभ्या असतात, त्या कोणाच्या ठरावात आल्या नाहीत.

आता इथलं सगळं सोनं आहे असंही नाही. इथल्या लोकांनी एक मोठी चूक केली आणि ती आपल्याकडे होऊ नये म्हणून मी एवढा पोटतिडकीने लिहितोय. 1979मध्ये शहराने सामान विकणाऱ्यांचे परवाने 853वर बांधून टाकले, माजी सैनिक तेवढे त्यातून वगळले. 1983मध्ये खाण्याच्या गाड्यांचे परवाने गोठवले. माणसं मात्र येत राहिली. मग झालं काय? सरकारी फी दोन वर्षांची 200 डॉलर आणि काळ्या बाजारात त्याच परवान्याचं भाडं वीस-पंचवीस हजार. ज्याच्या नावावर परवाना तो गाडीपाशी फिरकतसुद्धा नाही. जो पहाटे तीनला उठून कांदा चिरतो तो आयुष्यभर भाडेकरू. अखेर 2021मध्ये कायदा झाला की दहा वर्षं दरसाल 445 नवे परवाने द्यायचे आणि ज्याच्या नावावर परवाना त्याने स्वतः गाडीवर हजर राहायचं. अंमलबजावणी कासवाच्या गतीने चालली आहे, पण दिशा बरोबर आहे.

आपल्याकडे तर कायदा आधीच झालेला आहे. 2014चा. त्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्या म्हटलंय, पाहणी पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवू नका म्हटलंय, नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के प्रतिनिधी त्यांचेच हवेत म्हटलंय. मुंबईत त्याच वर्षी पाहणी झाली, सुमारे 99 हजार अर्ज आले. दहा वर्षांनी समितीची निवडणूक आली तेव्हा मतदार यादीत नावं होती 32 हजारांच्या आसपास. मधली माणसं कुठे गेली? कुठेही गेली नाहीत. ती तिथेच बसली आहेत, हप्ता देऊन. डोमिसाईलची अट लावली की आणखी काही हजार यादीबाहेर जातील आणि त्यांचा हप्ता वाढेल. फुटपाथ एक इंचाने रुंद होणार नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. आणि मग जे लिहायला नको होतं तेही लिहिलं. आमचे आजोबा देवरुखकडचे, गिरणीत लागले म्हणून मुंबईत आले. माझे बाबा बँकेत चिकटले, पण दादाचे वडील, माझे काका, गिरणीतच. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. तो संपला कधी हे कोणी जाहीरच केलं नाही. काकांनी तीन वर्षं परळच्या नाक्यावर बटाटेवड्याची गाडी लावली. काकू पहाटे बटाटे उकडायची. पालिकेची गाडी आली की काका कढईतलं उकळतं तेल तसंच उचलून गल्लीत शिरायचे. एकदा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्या डागाला लहानपणी मी नकाशा म्हणायचो. मी विचारलं, दादा, काकांकडे कुठला परवाना होता?

बराच वेळ उत्तर नाही. मग दोन वाक्यं आली. "ते आपले होते. आणि लक्षात ठेव, तुझ्या बाबांचं श्राद्ध या वर्षी मी केलंय."

हे खरं आहे आणि ते सांगितल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

सप्टेंबर 2025मध्ये मी दादरला होतो. बाबांना जाऊन दुसरं वर्ष. रविवारी 21 तारखेला सर्वपित्री अमावस्या, श्राद्ध त्याच दिवशी घालायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी सातला मी खाली भाजी आणायला उतरलो. आमच्या गेटसमोर बसायचा तो भाजीवाला जौनपूरचा. मी काही बोलायच्या आधीच त्याने विचारलं, "साहेब, उद्याचं ना? मग कांदा-लसूण नाय देत." आणि न विचारता बाजूला काढायला लागला: गवार, कारलं, लाल भोपळा, अळूची पानं देठांसकट, आमसुलं. "माका घ्या. दर्भ पण हाय. केळीची पानं किती, भटजी धरून?" आमच्या घरी श्राद्धाला काय लागतं हे मला आईने दोनदा सांगूनही नीट आठवत नव्हतं. त्याला पाठ होतं. तो माक्याची जुडी दोऱ्याने बांधत होता तेवढ्यात माझा फोन वाजला.

कंपनीच्या वकिलांचा ईमेल. एच-वन-बीवर, म्हणजे माझ्या नोकरीच्या व्हिसावर, एक लाख डॉलर शुल्काचा हुकूम निघालाय, अमेरिकेबाहेर असाल तर शनिवारी रात्री बाराच्या आत परत या. म्हणजे आपल्या घड्याळात रविवारी सकाळी साडेनऊ. श्राद्धाच्या आधी. मी तिथेच फुटपाथवर उभा राहून तिकीट काढलं. नेहमीच्या चौपट पैसे. भाजीची पिशवी वर नेऊन आईच्या हातात दिली आणि बॅग भरायला लागलो. आई काही बोलली नाही. नुसती माक्याची पानं निवडत बसली.

टॅक्सीत मला एकच चित्र दिसत होतं. लहानपणी रानडे रोडवर कोणीतरी ओरडायचं, "गाडी आली!" आणि एका क्षणात सगळे फेरीवाले प्लास्टिकच्या कागदाचे चार कोपरे उचलून, बोचकं करून, पळत सुटायचे. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. त्या शनिवारी माझी गाडी आली होती. दोन डिग्र्या, सोळा वर्षांचा कर, को-ऑपमधलं घर, आणि एका ईमेलवर चार कोपरे उचलून पळालो. न्यूयॉर्कला उतरून फोन सुरू केला तर खुलासा आला होता: आधीच व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही. जेएफकेच्या इमिग्रेशनच्या रांगेत उभा असताना तिकडे रविवारची सकाळ झाली होती. तीन तासांनी दादाने माझ्या बाबांना पिंड दिला.

म्हणून तो म्हणतो त्यावर मला बोलता येत नाही.

पण एक हिशेब मी तेव्हापासून करतोय. तो भाजीवाला 2001 साली दादरला आला. तेव्हापासून चोवीस वर्षं तो त्या फुटपाथवर होता. मी 1985मध्ये जन्मलो आणि 2009मध्ये इथे आलो. माझीही दादरची वर्षं चोवीसच. रेशनकार्डावरून माझं नाव 2016मध्ये कमी झालं, मतदार यादीतूनही गेलं. इथे मतदानाचा हक्क नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षं उभा आहे, कारण नोकरीवाल्यांची वर्षाला एक लाख चाळीस हजार कार्डं आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या वर नाहीत. इथेही शेवटी जन्मगावच विचारतात. दादाच्या ठरावातला नियम आणि मला लावलेला नियम एकाच जातीचा आहे. एका बाजूने तो मला अन्याय वाटतो, मग दुसऱ्या बाजूने मी त्याला अस्मिता कसा म्हणू?

मी त्या रांगेचा फार अभिमान बाळगला, हेही खरं. मी सगळं नियमाने केलं, प्रत्येक फॉर्म वेळेत भरला, रांग कुठवर सरकली हे सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला वाचलं. जे सीमा ओलांडून आले त्यांच्यात मला कोणी मोजू नये असं मला वाटायचं. याच अभिमानापोटी 2024च्या उन्हाळ्यात मी एक गोष्ट केली, जी घरी कोणालाच ठाऊक नाही.

आमची इमारत 1920च्या दशकातली, आत सामाईक बाग असलेली. ज्या कंपनीने हा भाग वसवला ती तेव्हा ज्यूंना आणि काळ्यांना इथे घर देत नसे. 1993पासून हा ऐतिहासिक परिसर म्हणून संरक्षित आहे. गेल्या काही वर्षांत मॅनहॅटनमधून नवी माणसं येताहेत, भाव चढलेत, सदतिसाव्या अ‍ॅव्हेन्यूवर सहा डॉलरची कॉफी मिळायला लागली आहे. कोपऱ्यावर इक्वेडोरची एक बाई किराणा दुकानाच्या ढकलगाडीवर आंबे विकायची. काडीला लावलेला आंबा सुरीने फिरवत फुलासारखा कापायचा, वर लिंबू, मीठ, लाल तिखट. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला शाळेबाहेरची कैरी आठवली होती. मी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. आमच्या बोर्डाने तिच्याविरुद्ध पत्र काढलं. परिसराचं स्वरूप बिघडतं, घरांच्या किमतींवर परिणाम होतो, अशी भाषा. दादाच्या पत्रात "परिसराची शान" आहे, बाकी मजकूर तोच.

मी सही केली. सातवी सही माझी.

विनापरवाना माल विकणं तेव्हा इथे फौजदारी गुन्हा होता. तसली नोंद माणसाच्या इमिग्रेशनच्या कागदांना आयुष्यभर चिकटू शकते. हे त्या इमारतीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. नगर परिषदेने सप्टेंबर 2025मध्ये महापौरांचा नकाराधिकार ओलांडून ती फौजदारी शिक्षा काढून टाकली, पण माझी सही त्याच्या आधीची. दोन आठवड्यांनी गणवेशातले चौघे आले. मी खिडकीतून पाहिलं. तिची गाडी उलटी केली, आंबे काळ्या पिशवीत भरले. ती एका हाताने सुरी आणि दुसऱ्या हाताने मुलीला धरून उभी होती. ती पळाली नाही.

हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, मग तू आणि मी वेगळे कसे, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. तरी त्याचा ठराव चूक आहे हे मी सांगत राहणार. आईने काल फोनवर सांगितलं की गेटसमोर आता सोसायटीने सिमेंटच्या कुंड्या ठेवल्यात. जौनपूरवाला दोन सिग्नल पुढे गेलाय. शेवग्याच्या शेंगांसाठी ती तिथवर चालत जाते, त्याच गुडघ्यांनी, कारण दुसऱ्या कोणाची भाजी तिला चालत नाही. तो कढीपत्ता अजून तसाच फुकट टाकतो म्हणे.

ती आंबेवाली मला महिन्याभरापूर्वी 82व्या रस्त्याला दिसली. जिन्याखाली, ट्रेनच्या आवाजात. तिने मला लांबूनच ओळखलं, हात केला, आंबा कापायला घेतला. पिशवीत नेहमीपेक्षा चार फोडी जास्त टाकल्या. माझं स्पॅनिश जेमतेम, पण तिने सावकाश विचारलं म्हणून कळलं. त्या कोपऱ्यावरची तक्रार कोणी केली होती, तुला माहीत आहे का?

मी नाही म्हटलं.