लिहितंय कोण?

सासऱ्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे पुण्याला आले. त्यांचा वेळ कसा जाणार, ही काळजी घरात सगळ्यांना होती, त्यांना सोडून. अण्णा तालुका कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. त्याआधी बरीच वर्षं ते मुद्देमाल कारकून होते. म्हणजे गुन्ह्यात पोलिसांनी जप्त केलेला कोयता, चप्पल, सायकल, रक्ताचा शर्ट आणि हातभट्टीचे कॅन हे सगळं ज्या खोलीत ठेवतात, तिची किल्ली अण्णांच्या कमरेला असायची. अशा माणसाला संध्याकाळच्या सासू-सुनेच्या मालिका काय पुरणार?

माळ्यावर एक खोका होता. अमेरिकेतल्या साडूनं कधीकाळी आणून दिलेला, ‘सीएसआय’च्या पहिल्या सीझनच्या डीव्हीडींचा. अमेरिकेच्या तबकड्या आपल्याकडच्या प्लेअरवर सहसा चालत नाहीत, पण आमचा प्लेअर बिनब्रँडचा आणि संस्कारहीन असल्यानं लग्नाच्या सीडीपासून काहीही गिळतो. ‘अण्णा, गुन्हेगारीचीच मालिका आहे, शास्त्रीय आहे,’ असं म्हणून मी ती लावली. ही माझी चूक. बाकी सगळं त्यातून घडत गेलं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ६ ऑक्टोबर २००० ला ही मालिका अमेरिकेत सुरू झाली आणि पुढे १५ सीझन चालली. गोष्ट लास व्हेगासमधल्या, घटनास्थळी पुरावे गोळा करणाऱ्या पथकाच्या रात्रपाळीची. प्रमुख गिल ग्रिसम हा किड्यांचा अभ्यासक. प्रेतावरच्या आळ्या पाहून मरण किती दिवसांपूर्वी आलं ते तो सांगतो. हाताखाली कॅथरिन विलोज, वॉरिक ब्राउन, निक स्टोक्स आणि थोड्या उशिरानं येणारी सारा साइडल. प्रयोगशाळेत ग्रेग सँडर्स नावाचा पोरगेला इसम. पहिल्या सीझनचे भाग २३. मी हिशोब केला होता की रोज एक धरला तर टाके निघून अण्णा चालायला लागेपर्यंत सहज पुरतील.

पहिला भाग सुरू झाला. अंधारं घर, न्हाणीघरातल्या टबात प्रेत, ग्रिसम हातात टॉर्च घेऊन आत शिरतो. अण्णा म्हणाले, ‘दिवा लावा की.’

मला वाटलं आमच्या हॉलमधला. मी उठून लावला.

‘इथला नाही हो जावईबापू, तिथला. बटण भिंतीवर दिसतंय. एवढा खून झालाय आणि हे वीज वाचवतायत.’

मी गप्प बसलो. पुढे वॉरिकच्या प्रकरणात बुटात अडकलेला पायाच्या नखाचा तुकडा मिळतो. तो गोळी झाडणाऱ्याच्या नखाशी जुळतो आणि त्याची सगळी थाप उघडी पडते. माझ्या अंगावर काटा आला. अण्णांकडे पाहिलं तर ते अस्वस्थ.

‘पंच कुठायत?’

‘कसले पंच?’

‘नख उचललं ते कुणासमक्ष? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १००, पोटकलम ४. आता नव्या कायद्यात १०३ म्हणतात म्हणे. परिसरातले दोन निःपक्ष आणि प्रतिष्ठित रहिवासी लागतात. यानं चिमट्यानं उचललं आणि खिशात टाकलं.’

‘खिशात नाही, पाकिटात.’

‘लाखेचं सील?’ अण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग तो सवाल आला, जो पुढचे बावीस भाग आमच्या घरात घुमत राहिला. ‘आणि हे सगळं लिहितंय कोण?’

खरं सांगतो, तोवर ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ही माणसं पावडर फासतात, फवारा मारतात, निळ्या उजेडात चादरी बघतात, कॅमेरा थेट जखमेतून काळजापर्यंत घुसतो, पण गुडघ्यावर पॅड ठेवून खाली मान घालून लिहीत बसलेलं कुणी सहसा दिसत नाही. अण्णांचं म्हणणं, गुन्ह्याच्या तपासात बारा आणे लिखाण असतं आणि उरलेले चार आणे कार्बन नीट बसवणं.

ठशांच्या बाबतीत मात्र ते खूश असत. ग्रिसमनं ब्रशनं पावडर फिरवली की अण्णा सोफ्यावर ताठ बसायचे. ‘हे आपलं. १८९७, कलकत्ता. जगातला पहिला ठसे विभाग. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस, दोघं सब-इन्स्पेक्टर. आकडेमोड त्यांनी केली आणि नाव हेन्रीसाहेबाचं लागलं.’ मग संगणकावर ठसे भराभरा सरकत आणि टुंग करून एक चेहरा समोर आला की पुन्हा भडका. संगणक फार तर संभाव्य नावांची यादी देतो, शेवटी भिंग घेऊन बसणारा माणूसच जुळलं की नाही ते सांगतो, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की आता मीही लोकांना सांगतो. रक्ताचा अहवाल तर ग्रेग जाहिरातींच्या आत द्यायचा. ‘आमच्याकडे सी.ए. रिपोर्ट, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल येईपर्यंत,’ अण्णा म्हणायचे, ‘फिर्यादीच्या मुलीचं लग्न होऊन ती बाळंतपणाला माहेरी आलेली असायची.’

बायकोनं मध्ये पडून ‘सीआयडी’चा विषय काढला. आपली सीआयडी यांच्या आधीची, जानेवारी १९९८ ची, शिवाय शिवाजी साटम आपले. अण्णांना साटमांबद्दल आदर आहे. पण तिथंही त्यांची एक जुनी तक्रार निघाली. ‘दया इतकी वर्षं दारं तोडतोय. त्या दारांचा पंचनामा कुणी केला?’

एका भागात प्रेत सापडतं तेव्हा ते घोंगडीत गुंडाळलेलं असतं. तशा प्रेतावर किडे कधी पोचतात हे बघायला ग्रिसम मेलेलं डुक्कर घोंगडीत गुंडाळतो आणि रात्रभर थंडीत त्याच्याजवळ बसून राहतो. सारा त्याला कॉफी आणून देते. आम्ही त्या वेळी जेवत होतो. साधा वरणभात होता. बायकोनं ताट उचललं, आत गेली, आणि त्या दिवसापासून आठ ते नऊ टीव्हीवर बंदी आली. अण्णांनी मात्र भात संपवला आणि पहिल्यांदाच ग्रिसमला मान दिला. ‘माणूस चिकाटीचा आहे. मुद्देमालाशेजारी बसतोय. आम्हीही बसायचो.’ मग कोंबड्याची गोष्ट आली. झुंजीच्या जुगारात एक कोंबडा जप्त झाला होता. मुद्देमाल क्रमांक ३. खोलीत ठेवला तर रोज सकाळी कोर्ट उघडायच्या आत आरवायचा, म्हणून ‘मागाल तेव्हा हजर करीन’ असा सुपूर्दनामा लिहून घेऊन मूळ मालकाकडे दिला. चार वर्षांनी खटला बोर्डावर आला. मुद्देमाल हजर करा म्हटल्यावर मालक उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, ‘साहेब, जावई आले होते.’

हे सांगताना अण्णांनी माझ्याकडे का पाहिलं, ते कळलं नाही.

अठरावा की एकोणिसावा भाग झाला असेल. रविवारी सकाळी नळाला पाणी नाही. सेक्रेटरी खालून ओरडत होते. इमारतीच्या मागे, जमिनीखालच्या टाकीशेजारी, चार खांबांवरच्या पत्र्याखाली असलेली पाण्याची मोटर रात्रीत गेली होती. नट-बोल्टसकट. उरले होते दोन कापलेले पाइप आणि सिमेंटच्या ओट्यावरचा गंजाचा चौकोन.

मी पाणी कुठून आणायचं याचा विचार करायला हवा होता. पण अठरा भाग पोटात होते. स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे, बायकोचा भुवयांचा चिमटा आणि पोळ्या ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन मी खाली धावलो. पोचलो तर घटनास्थळी चौदा माणसं. चेअरमन ओट्यावर हात टेकून उभे. वॉचमननं ‘साहेब लोक येणार’ म्हणून नुकताच झाडू मारलेला. दोन पोरं कापलेल्या पाइपातून एकमेकांशी बोलत होती. एकमेकांना लागलेल्या कुठल्याही दोन गोष्टी आपली काहीतरी खूण मागे ठेवतात, असं फ्रान्समधल्या लियॉनच्या लोकार्द या गुन्हेशास्त्रज्ञसाहेबाचं तत्त्व आहे. त्या ओट्यावर त्या क्षणी आमची सगळी मतदार यादी होती.

तरी मला पाइपाशेजारी एक विडीचं थोटूक दिसलं. भर दिवसा मी मोबाइलचा टॉर्च लावला, वाकलो, चिमट्यानं ते उचललं आणि पिशवीत टाकलं. तेवढ्यात हवालदार आले. पन्नाशीचे, डोळे लाल, आदल्या दिवशीच पालखीचा बंदोबस्त संपवून आलेले. काखेत फाइल.

‘हे काय?’

‘पुरावा.’

‘कुणी उचलला?’

‘मी.’

‘कुणासमोर?’

मी आजूबाजूला पाहिलं. चौदाच्या चौदा माणसं एकदम मोटरकडे, म्हणजे मोटर नव्हती तिकडे, पाहायला लागली.

‘मग साहेब,’ हवालदार थकलेल्या आवाजात म्हणाले, ‘आता हा पुरावा तुमच्याविरुद्ध.’

सेक्रेटरींनी विचारलं, फॉरेन्सिकची गाडी येणार का? १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यात तज्ज्ञांनी घटनास्थळी येण्याची तरतूद आहे, पण ती सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी. उघड्यावरच्या साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन. आमची मोटर चार वर्षांनी कमी पडली.

‘दोन पंच द्या,’ हवालदार म्हणाले. माणसं पांगायची कशी, ते मी तेव्हा पाहिलं. एकाला आंघोळ करायची होती, पाणी नसताना. उरलो मी आणि तळमजल्यावरचे ऐकू कमी येणारे जोशीकाका, ज्यांना आपण कशासाठी उरलोय हे कळलेलं नव्हतं. निःपक्ष आणि प्रतिष्ठित. बायको खिडकीतून हे ऐकत होती. ‘प्रतिष्ठित’ला ती किती हसली ते इथे लिहीत नाही. मी कारण काढायला तोंड उघडलं, तर वरच्या गॅलरीतून अण्णांचा आवाज आला. ‘लेखी बोलावणं आलं आणि विनाकारण नाही म्हणालात, तर गुन्हा तुमच्यावर होईल, जावईबापू.’

हवालदारांनी वर पाहिलं. वॉकर धरून, गुडघ्याला पट्टा, बनियनवर शाल. ‘कोण साहेब?’

‘शिरस्तेदार. निवृत्त.’

हवालदारांनी नकळत पाय जुळवले.

मग साडेदहाला पंचनामा सुरू झाला. ‘आम्ही खाली सह्या करणार पंच नामे’ इथपासून. वय, धंदा, राहणार. हवालदार मोटरच्या उरलेल्या चौकोनाशेजारी उलट्या बादलीवर बसले, मांडीवर फाइल, दोन कार्बन. चतुःसीमा आल्या. पूर्वेस संरक्षक भिंत, पश्चिमेस इमारतीची मागची बाजू, उत्तरेस नारळाचं झाड. दक्षिणेस काय, यावर चेअरमन आणि सेक्रेटरी यांचं जुनं भांडण निघालं, कारण दक्षिणेला चेअरमनची दुसरी गाडी होती, जी तिथे असायला नको होती. ‘दक्षिणेस रिकामी जागा लिहा,’ चेअरमन म्हणाले. ‘समोर आहे ते लिहा,’ वरून आवाज आला. गाडी कागदावर गेली, नंबरासकट. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर मोटर गेल्याचं दुःख उरलं नाही.

भिंतीपासून ओटा किती लांब? टेप नव्हती. मी पावलांनी मोजलं, नऊ पावलं. ‘पावलं कुणाची?’ वरून. शेवटी बायकोनं शिलाईच्या डब्यातली टेप दोरीला बांधून गॅलरीतून सोडली. विडीच्या थोटकावर अर्धा तास गेला. ते पंचनाम्यात कसं घ्यायचं? ‘पंच क्रमांक एक यांनी हजर केलेलं’ असं लिहायचं ठरलं. त्यावर प्लंबर, जो केव्हापासून कडेला उभा होता, पुढे येऊन म्हणाला की विडी त्याची आहे, शुक्रवारी व्हॉल्व्ह बदलायला आला होता तेव्हाची, आणि अर्धी शिल्लक असेल तर परत मिळेल का.

जोशीकाका मधूनमधून विचारत, ‘मीटिंग कधी सुरू होणार?’

पावणेदोनला ‘येणेप्रमाणे पंचनामा समक्ष लिहिला, वाचून पाहिला, बरोबर आहे’ झालं. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि हवालदारांची बोटं वळत नव्हती. ‘अक्षर चांगलंय,’ अण्णा म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी माझ्या लग्नातही केलं नव्हतं. त्यांनीच हवालदारांना वर चहाला बोलावलं. टँकरच्या पाण्याचा चहा.

टीव्हीवर ग्रिसम आदल्या रात्रीपासून तसाच थांबलेला, वाकून, टॉर्च हातात. हवालदारांनी विचारलं, हे काय? अण्णांनी सुरू केलं. हवालदार बशीत चहा ओतून, न बोलता बघत राहिले. प्रेत मिळालं, धागा मिळाला, धागा जुळला, कॅथरिन मोकळ्या केसांनी प्रेतावर ओणवी झाली, कुणीतरी कबूल झालं. साधारण पंचवीस मिनिटं. चहा गार झाला होता.

‘यांना,’ हवालदारांनी शेवटी विचारलं, ‘बंदोबस्त नसतो का हो?’

‘नसावा,’ अण्णा म्हणाले.

‘आणि लिहितंय कोण?’

अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू अठरा भागांचा दावा त्यांच्या बाजूनं खर्चासकट लागला होता.

हवालदार फाइल घेऊन उतरले. मी सोफ्यावर आडवा झालो, पाच मिनिटं झाली असतील, बेल वाजली. तेच. तिसऱ्या पानावर पंच क्रमांक एकची सही राहिली होती. अण्णांनी रिमोट दाबून ग्रिसमला थांबवलं आणि मला पेन दिलं.